राणीचा मलमलीचा झगा आपल्या उन्हाळ्यात कसा उतरवायचा

उत्तर आधी थोडक्यात देते. नेट नको, जॉर्जेट नको, कॅनकॅन (घेर फुगवायला आत लावतात तो ताठ थर) तर मुळीच नको. सहा मीटर चांगलं मलमल घ्या आणि हात सैल सोडायचा असेल तर तो त्या कापडावर सोडा. आता सविस्तर.

तुम्ही विचारलंत ते असं: मे महिन्यात नाशिकजवळ एका फार्महाऊसवर मैत्रिणीचं लग्न आहे, सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत. तुम्हाला फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं ते पांढरा झगा आणि हॅट घातलेलं चित्र फार आवडलंय आणि तसाच पोशाख, तसाच चेहरा हवाय. बुटीकमध्ये चित्र दाखवलंत तर त्यांनी नेटचे थर आणि आत कॅनकॅन सुचवलं. रंग सावळा आहे, घाम खूप येतो, मेकअप टिकत नाही. मी नाटकांसाठी वेशभूषा करते आणि हा झगा रंगमंचासाठी आणि रोजच्या वापरासाठीही शिवून घेतलेला आहे, म्हणून जरा हक्कानं लिहिते.

चित्र १७८३ सालचं. ते काढणारी एलिझाबेथ विजे ल ब्रन आणि राणी, दोघींचा जन्म १७५५चा. १७८३मध्येच विजे ल ब्रनला फ्रान्सच्या राजेशाही कला अकादमीत प्रवेश मिळाला होता आणि पॅरिसला लूव्हरमध्ये भरलेल्या अकादमीच्या प्रदर्शनात तिनं हे चित्र मांडलं. बघणारे खवळले. दरबारी पोशाख म्हणजे जड रेशीम, आत आवळलेली चोळी, कमरेला दोन्ही बाजूंनी फुगवणारा सांगाडा, गळ्यात हिरे-मोती. इथे राणीच्या अंगावर एकही दागिना नाही, आणि जो झगा आहे तो त्या काळच्या डोळ्यांना आतल्या कपड्यासारखा दिसत होता. राणीला अंतर्वस्त्रात रंगवलं अशी बोलणी झाली, हे चित्रकर्तीनं स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. परदेशी सुती कापड मिरवून राणी लिऑनच्या रेशीम विणकरांच्या पोटावर पाय देते, हीसुद्धा तक्रार होती. चित्र उतरवावं लागलं. त्याच्या जागी विजे ल ब्रननं दुसरं चित्र दिलं: उभं राहण्याची ढब तीच, हातात गुलाब तोच, पण अंगावर निळसर राखाडी रेशीम, लेस आणि मोती.

ही दोन्ही चित्रं मोबाइलवर शेजारी शेजारी उघडा आणि पाच मिनिटं नुसती बघा. माझ्या दृष्टीनं सगळा धडा तिथेच आहे. रेशमाच्या चित्रात उजेड कापडाच्या पृष्ठभागावर थांबतो, चमकतो, आणि आपली नजर चेहऱ्यावरून सारखी पोशाखाकडे सरकते. मलमलीच्या चित्रात उजेड कापडाच्या आत शिरतो, चुण्यांमधून फिरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो. तो हनुवटीखाली, गालांवर पडतो. त्या झग्याचं काम चेहरा उजळणं आहे. नेटला हे जमत नाही, कारण नेटला भोकं असतात, अंग नसतं. जॉर्जेट अंगाला चिकटून खाली ओघळतं. आणि कॅनकॅननं घेर फुगवलात तर याच झग्यानं जो सांगाडा झुगारला तोच तुम्ही परत आत घालाल.

हा झगा उन्हाळ्याचाच आहे, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. फ्रेंच वसाहतींतल्या कॅरिबियन बेटांवर गोऱ्या जमीनदारांच्या घरच्या बायका उकाड्यापायी सैल सुती झगे घालत, तिथून तो पॅरिसला आला. (ती बेटं गुलामांच्या श्रमावर चालत होती. झग्याचं कौतुक करताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.) मारी आंत्वानेत तो घालायची ती व्हर्सायच्या मोठ्या महालात नाही, तर १७७४ साली नवऱ्यानं दिलेल्या पेती त्रियानों या लहान बंगल्यात आणि बागेत. आणि कापड? हिंदुस्थानचं मलमल तेव्हा जगभर नावाजलेलं होतं, त्यातही ढाक्याचं सगळ्यांत वरचं. वाहत्या पाण्यासारखं म्हणून आबरवाँ, दवासारखं म्हणून शबनम, अशी त्याच्या जातींची नावं होती. फ्रान्सनं १६८६ ते १७५९ अशी सत्तरहून जास्त वर्षं छापील हिंदी सुती कापडावर बंदी घातली होती, इतका आपल्या सुताचा तिथल्या विणकरांना धसका होता. बंदी उठल्यावर वाढलेल्या पिढीची ही राणी. तेव्हा तुम्ही मलमल निवडाल तर नक्कल करत नाही आहात, मूळ मालाकडे जात आहात.

आता कापड. दुकानात गेल्यावर नुसतं ‘पांढरं कॉटन’ मागू नका, ‘मलमल’ मागा. टू बाय टू दाखवतील, ते ब्लाऊजला उत्तम, इथे चालणार नाही, त्याला चुण्या पडल्या की कमरेशी जाड गठ्ठा होतो. कॅम्ब्रिक आतल्या शमीजसाठी ठेवा. मलमल हातात घेऊन एक मीटरभर कापड मुठीत चुरगाळा आणि सोडा. चांगलं मलमल सुरकुततं, पण हात फिरवला की मोकळं होतं. खळ भरून विकलेलं मलमल कागदासारखं कडक मोडतं आणि पहिल्या धुण्यात त्याचं फडकं होतं. पॉलिएस्टरची भेसळ ओळखायची तर कडेचे दोन-चार धागे काढून जाळून बघा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक गुठळी धरतं. मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये, पुण्यात लक्ष्मी रोडवर किंवा रविवार पेठेत हिंडलात तर पर्याय मिळतील, नाशिकलाही मिळायला हरकत नाही.

रंग मोतिया घ्या. नीळ टाकल्यासारखं लख्ख पांढरं मेच्या उन्हात डोळ्यांवर येतं, फोटोत त्याच्या चुण्या उडून जातात आणि सावळ्या अंगावर ते अलग, चिकटवल्यासारखं दिसतं. चित्र मोठं करून बघा, राणीच्या झग्यात शुद्ध पांढरा रंग फार थोडा आहे. राखाडी आहे, मलईचा रंग आहे, सावलीत निळसर झाक आहे. मोतिया मलमलीत या सगळ्या छटा आपोआप पडतात.

सहा मीटरचा हिशेब असा. पन्हा साधारण ४४ इंच असतो. तीन पन्ह्यांचा घेर धरा, म्हणजे १३२ इंच; एवढा पुरतो, त्याहून जास्त उन्हात चालवत नाही. लांबी पोटरीच्या खाली, घोट्याच्या वर ठेवली तर एका पन्ह्याला शिलाई-मुडपीसकट सव्वा ते दीड मीटर लागतं. बाह्यांना मीटरभर, झालरीला उरलेलं. कापण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवायचं, कारण सुती कापड आटतं आणि शिवून झाल्यावर आटलं तर पहिली फसते ती छाती.

शिवण सोपी आहे, पण टेलरला नीट समजवावी लागते, कारण त्यांचा हात आपोआप प्लेट आणि डार्ट घालायला जातो. या झग्यात डार्ट नाही, चेन नाही, अस्तर नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संग्रहालयात त्या काळचा असा एक खरा झगा जपलेला आहे. असे झगे फार थोडे उरलेत. त्याची रचना बघितली की कळतं, सरळ पन्हे जोडलेला एक मोठा सैल घोळ आहे आणि त्याला नाड्यांनी आकार दिलाय. गळ्याला एक नेफा, छातीखाली एक, कमरेला एक. नाडी ओढली की चुण्या पडतात, सोडली की झगा पुन्हा सरळ. टेलरला सांगा, ‘मापाचं काही नको, लेंग्याला नेफा करता तसे तीन नेफे करा, आणि खांद्यावर तेवढं माप बरोबर ठेवा.’ खांदा आणि मुंढा नीट बसला की बाकी सगळं नाड्या सांभाळतात. सकाळी पोट रिकामं असताना कमरेची नाडी एवढी, जेवणानंतर थोडी सैल, ही सोय कुठल्याही तयार गाऊनमध्ये नाही.

नेफ्यासाठी वेगळी पट्टी आतून लावायला सांगा, तीही मलमलीचीच. जाड पट्टी लावली तर उन्हात ती आरपार दिसते. त्याच कारणासाठी ओव्हरलॉक नको. कडा आत घेऊन दुहेरी शिलाई मारायला सांगा, टेलर तिला फ्रेंच शिलाई म्हणतात. सुई ११ नंबरची किंवा त्याहून बारीक, नाहीतर प्रत्येक टाक्याला भोक दिसेल. गळ्याच्या झालरीसाठी गळ्याच्या घेराच्या दुप्पट लांबीची, तीन इंच रुंद पट्टी, कडेला बारीक पिको. झालर एकेरी, एका थराची हवी. दोन थर केले की ती बाळाच्या फ्रॉकसारखी दिसायला लागते.

मूळ चित्रात बाही मध्ये बांधून तिचे फुगे केलेत. तुम्ही कोपराच्या थोडं खाली थांबा. दंडावर एक नाडी, कोपराखाली एक. काखेत तीन इंची चौकोनी तुकडा, म्हणजे सदऱ्याला घालतात तो बगला, आवर्जून घालायला सांगा. घाम असलेल्या माणसाला त्यानं हात वर करताना कापड ओढलं जात नाही आणि वारा खेळतो.

आरपार दिसण्याची भीती सगळ्यांना असते आणि सगळ्या जणी आत पांढरी स्लिप घालतात. पांढऱ्याखाली पांढरं घातलं की त्याची कड, पट्टा, शिवण सगळं उठून दिसतं. आतली शमीज तुमच्या कातडीच्या रंगाची हवी. तुम्ही सावळ्या आहात तर बदामी किंवा त्याहून गडद. अंगाशी ती हरवून जाते आणि वरच्या मलमलीला एक ऊब येते. शिवायची तर कॅम्ब्रिकची, गुडघ्याच्या थोडी खाली. पूर्ण लांबीची नको, कारण पावलांशी नुसतं मलमल हललं पाहिजे. आणि तयार झाल्यावर आरशात बघून समाधान मानू नका. दारात, पाठीमागून ऊन येईल असं उभं राहून कुणाला तरी बघायला सांगा.

कमरपट्ट्यावर मात्र थोडा विचार करा, कारण चित्रातला रंगाचा सगळा खेळ तिथे आणि हॅटवर आहे. राणीच्या कमरेला सोनेरी पिवळ्या रंगाचा पारदर्शक पट्टा आहे, हॅटच्या फितीचा आणि पिसांचा रंग निळसर राखाडी, आणि हातात गुलाबी गुलाब. बस, तीनच रंग, तेही फिके. नवीन काही विकत घ्यायची गरज नाही. आईकडे किंवा मावशीकडे फिक्या पिवळ्या रंगाची चंदेरी ओढणी सापडते का बघा. ती लांबीत दुमडून दहा-बारा इंच रुंद करा, समोरून नेऊन मागे एकच गाठ मारा आणि टोकं मोकळी सोडा. बो बांधू नका. चंदेरीत रेशमाची तलम चमक असते आणि तीही अर्धपारदर्शक, त्यामुळे मलमलीच्या शेजारी ती शोभते. साटीनची रिबन इथे डोळ्यात खुपेल.

दागिन्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी म्हणेलच की लग्नाला असं भुंडं कसं जायचं. कानात मोत्याची कुडी घाला. ती आपली आहे, लहान आहे, आणि मोतिया कापडाशी बोलते. गळा मोकळा ठेवा. झालर आणि तन्मणी दोन्ही एकत्र घातले तर दोघांचंही नुकसान होतं.

हॅट घ्याच. नुसती शोभा म्हणून म्हणत नाही. विजे ल ब्रननं अँटवर्पला रुबेन्स या जुन्या चित्रकाराचं एक चित्र पाहिलं होतं, हॅट घातलेल्या बाईचं. त्यात साधा दिवसाचा उजेड आणि थेट ऊन हे दोन वेगळे उजेड एकाच चेहऱ्यावर कसे खेळतात, यानं ती भारावून गेली. १७८२च्या सुमाराला तिनं त्याच प्रेरणेनं स्ट्रॉ हॅट घातलेलं स्वतःचं चित्र काढलं. तिच्याच हातची त्याची प्रत लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात कपाळ आणि डोळे हॅटच्या सावलीत आहेत, पण ती सावली काळी नाही, खालून येणाऱ्या उजेडानं भरलेली आहे. तुमच्याबाबतीत तो उजेड तुमचं मोतिया मलमल देणार आहे. म्हणून काठ चार ते पाच इंच रुंद हवा आणि वीण घट्ट हवी. सैल विणीच्या हॅटमधून उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर पडतात आणि फोटोत डाग दिसतात. फीत निळसर राखाडी, सुती. पिसं सोडून द्या. हॅट सरळ न घालता एका बाजूला किंचित कललेली, म्हणजे एक गाल उजेडात आणि एक सावलीत.

आता चेहरा. त्या काळी बायका चेहऱ्याला शिशाचा पांढरा लेप लावत, गालांवर लालीचे ठळक गोल काढत आणि केसांवर पिष्टाची पूड उडवत. शिसं विषारी, त्यानं कातडी आणि आयुष्य दोन्ही नासायचं. विजे ल ब्रनला ती पूड मुळीच आवडत नसे. ग्रामों-कादरूस नावाच्या एका डचेसचं चित्र काढताना तिनं पूड न लावण्याची विनंती केली. तिचे काळेभोर केस कपाळावर भांग पाडून मोकळ्या कुरळ्या बटांत सोडले. बैठक संपल्यावर डचेस तशीच नाटकाला गेली आणि हळूहळू बाकीच्यांनी ती तऱ्हा उचलली. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सावळ्या रंगाच्या मुली जेव्हा युरोपीय चित्र घेऊन येतात तेव्हा त्यांना वाटतं की आधी गोरं दिसावं लागेल. त्या चित्रकर्तीनं स्वतः काळे केस लपवायला नकार दिला होता. तुम्ही तुमचा रंग लपवू नका.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, दोन बोटांवर लांबीभर घेऊन चेहरा आणि मान दोन्हीला. गळा उघडा आहे, तिथे आणि मानेच्या मागे विसरू नका. सावळ्या कातडीवर पांढरट थर सोडणारं सनस्क्रीन मोतिया कापडाशेजारी राखेसारखं दिसतं, म्हणून रंगछटा असलेलं, तुमच्या रंगाशी जुळणारं घ्या. फाउंडेशनची गरज पडणार नाही. डाग असतील तेवढ्याच जागी कन्सीलर बोटानं दाबून बसवा. डोळ्यांखाली मी कमीच लावते, कारण मलमल खालून उजेड टाकतं आणि तिथली सावली बरीचशी भरून निघते.

खरी गंमत गालांच्या रंगात आहे. क्रीम ब्लश वापरा, पावडर घामात ढेकळं धरते. फिका गुलाबी तुमच्यावर खडूसारखा बसेल. विटकरी, जांभळट गुलाबी किंवा पिकलेल्या करवंदाच्या जवळचा रंग घ्या. लावायचा तो गालाच्या गोलाईवर थोडा वर, आणि तोच बोटावर उरलेला ओठांवर. हायलायटर आणि काँटूर दोन्ही ठेवून द्या. उन्हात घाम आपोआप चमकतो, त्यावर आणखी चमक घातली की चेहरा तेलकट दिसतो. काजळ लावायची सवय असेल तर वरच्या पापणीच्या मुळाशी लावा, खाली लावलं की दुपारपर्यंत उतरतं. घाम पुसू नका, टिपा; सुती रुमाल चेहऱ्यावर दाबून धरायचा आणि उचलायचा. दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा, तेही थापटून. ब्लशचा डबा पर्समध्ये असू द्या, नंतर एकदा हात फिरवला की पुरे.

केसांना आदल्या रात्री अर्धवट ओले असताना दोन सैल वेण्या घाला, थोडा कोरफडीचा गर चोळून. सकाळी सोडल्या की लाटा येतात. पूर्ण मोकळे ठेवलेत तर मान भिजेल. समोरच्या बटा सैल सोडून बाकीचे मानेपाशी हॅटच्याच रंगाच्या फितीनं बांधा. हॅट काढल्यावर डोकं दबलेलं दिसतं ही तक्रार असते, त्यावर उपाय एकच: भांग दुसऱ्या बाजूला पाडून हॅट घाला आणि काढल्यावर तो आपल्या रोजच्या बाजूला परतवा.

पायात कोल्हापुरी घाला, सपाट, साधी, गोंडा नसलेली. हिरवळीवर हील रुततं.

या झग्याला कार्यक्रमानंतरही भरपूर वापर आहे. राणीनं स्वतः असले झगे मैत्रिणींना भेट दिले होते; इंग्लंडची डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना १७८४ साली तिनं दिलेला मलमलीचा झगा घालून एका मैफलीला गेली होती. तुम्ही कमरेचा पट्टा काढून जीन्सवर तो पुढून उघडा घालू शकता, फक्त टेलरला आधीच सांगा की समोरची जोड कमरेपर्यंत उघडी ठेवून बंदांनी बांधायची.

घालण्याच्या आदल्या दिवशी संपूर्ण झग्याला खळ करू नका, तो डेऱ्यासारखा उभा राहील. साबुदाण्याची पातळ खळ करा, फक्त गळ्याची झालर तीत बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि अर्धवट ओली असताना बोटांनी चुण्या मोकळ्या करा. बाकी झग्याला इस्त्रीही हलकीच, तीही उलट्या बाजूनं. कार्यक्रम झाल्यावर त्याच रात्री साध्या पाण्यात टाका, कारण घाम आणि सनस्क्रीन मिळून काखेत आणि गळ्याशी पिवळे डाग पडतात आणि दोन दिवसांनी ते हटत नाहीत. झालरीतली खळ पूर्ण निघेपर्यंत धुवा. खळ राहिलेलं सुती कापड कपाटात ठेवलं की त्याला कसर लागते. सगळ्या नाड्या सैल सोडून घडी घाला.